तीन पुकारे

माघ सरत आला तरी ज्योतिबाच्या उसाला तोडणीची टोळी आली नव्हती. पस्तीस गुंठ्यांचा तुकडा. अठरा महिने झाले होते, तुरे येऊन झडायला लागले होते. आजूबाजूचा सगळा ऊस कारखान्याला गेला होता आणि मध्ये हा एकटाच उभा होता, वाऱ्यानं दिवसभर खडखडत.

रविवार होता. ज्योतिबा आणि शालन बांधाकडचं वाळलेलं पाचट आत ओढत होते. पानांनी दोघांच्याही हातांवर बारीक बारीक चिरा पडल्या होत्या आणि घाम लागून त्या झोंबत होत्या.

"आवं, त्या रस्त्याच्या अंगाला बी वढा," शालन म्हणाली. "कुनी बिडीचं थोटूक टाकलं तरी हुत्याचं न्हवतं हुईल."

मागच्या साली शेजारच्या अर्जुनाचा ऊस असाच पेटला होता. बांधाच्या भांडणात त्यानं तहसीलदारापुढं वीरधवलबाबांच्या विरुद्ध जबाब दिला होता, त्याला आठवडाही झाला नव्हता. कुणी पेटवला ते कुणी बघितलं नाही. पंचनाम्यात विजेच्या तारेची ठिणगी असं लिहिलं गेलं. त्या शेतावरनं तार जातच नव्हती.

पांढरी गाडी बांधाला येऊन थांबली तसा ज्योतिबानं हातातलं पाचट टाकलं आणि तळवे धोतराला पुसले. शालननं पदर पुढं ओढला. गाडीतनं वीरधवलबाबा स्वतः उतरले. वय चाळीसच्या आतबाहेर, कारखान्याचे संचालक, गावचे जुने पुढारी मानसिंगराव यांचा एकुलता एक मुलगा. ड्रायव्हर गाडीतच बसून राहिला, पण त्यानं काच खाली केली.

"राम राम मामा. सुट्टीचं बी काम?"

"व्हय बाबा. पाचट जरा मागं सारतोय."

वीरधवलनं उसाचं एक पान बोटात धरून मोडलं. ते कडकन तुटलं. "लयच वाळलाय की. वजन कुटलं ऱ्हायलंय ह्यात. तोडीची चिठ्ठी कवा म्हनतोय चिटबॉय?"

"पाळी मागं हाय म्हनतोय."

"पाळीचं काय, बघू." ते उसाकडंच बघत बोलत होते. "पूजा आलीया म्हनं बाळंतपनाला?"

"व्हय. सातवा सरला."

"जावई आपल्याच कारखान्याच्या वजनकाट्यावर हाय न्हवं? गुनी पोरगा हाय." मग त्यांनी ज्योतिबाकडं पाहिलं. "मामा, तुमचा घसा बसल्यागत वाटतोय."

"न्हाई बाबा. बराय की."

"न्हाई, बसलाय. थंडी लय पडलीया औंदा. शुक्रवारी जरा जपा. लय वरडू नगा. वऱ्हांड्यातल्या वऱ्हांड्यात, आत म्याडमास्नी पुकारा झाला एवढं कळलं की बास. बनुबाईची तारीख हाय न्हवं शुक्रवारी?"

शालनचा हात पाचटातच थांबला.

"खडीसाखर ठेवा तोंडात," वीरधवल म्हणाले आणि गाडीत बसले.

ज्योतिबा मदने तालुक्याच्या कोर्टात सव्वीस वर्षं पट्टेवाला होता. पांढरा पोशाख, छातीवर पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला. फायली वाहायच्या, पाणी ठेवायचं आणि पुकारा करायचा. आत न्यायाधीश बसतात ते कागद बघतात. बाहेर कोण आलंय, कोण नाही, ते त्यांना पट्टेवाल्याच्या गळ्यातनं कळतं. मोठ्या माणसांना त्या पुकाऱ्याची गरज कधी पडली नाही. त्यांचे वकील पाच मिनिटं आधी फोन करत, मग ते गाडीतनं उतरून थेट आत येत आणि त्यांना खुर्ची मिळे. बाकीची माणसं आवारातल्या करंजाखाली सकाळी साडेदहापासनं कान टवकारून बसलेली असत, लघवीला जायलाही भीत. तेवढ्यात नाव निघालं तर?

बनुबाई त्यातली एक. हरिबा लोंढ्याची विधवा, पंच्याहत्तरीची, ज्योतिबाच्याच गावची. ज्योतिबा अंगावर पीत होता तेव्हा त्याच्या आईबरोबर भांगलायला जायची. बांधावर निजलेल्या पोराला उचलून घ्यायची. नव्या हायवेला लागून तिचे चौदा गुंठे होते आणि त्याच्या मागं वीरधवलबाबांच्या पेट्रोल पंपाची जागा होती. हरिबानं मरायच्या आधी ते चौदा गुंठे विकायचा करार करून दिलाय, असा एक कागद त्यांनी काढला होता. त्यावर अंगठा होता. हरिबा सातवी शिकलेला होता आणि सही करायचा. बनुबाईनं कोर्टाच्या मदतीतला फुकटचा वकील घेऊन दावा लावला. न्यायाधीश मॅडमनी पुढच्या तारखेपर्यंत जागा आहे तशी ठेवा म्हणून मनाई दिली होती. त्या मनाईच्या जोरावर म्हातारीनं रानात हळद केली होती. हळद काढायला आली होती.

रात्रीच्या भाकरीला बसल्यावर शालननं तोंड उघडलं. "चोरी करा म्हनलं का त्यांनी? बारीक वरडा म्हनलं."

"शाले, ती चोरीच हाय."

"मग जाऊन न्हाई म्हना की त्यास्नी. हाय छाती?"

ज्योतिबा ताटाकडं बघत राहिला. आतल्या खोलीत पूजा कुशीवर झोपली होती. तिचा श्वास इथपर्यंत ऐकू येत होता.

"माजी चार वर्षं ऱ्हायल्यात नोकरीची," तो म्हणाला. "कळलं तर पेन्शन जाईल."

"आन उसाला काडी लागली तर? पोरीच्या नवऱ्याला काट्यावरनं काढला तर?" शालनचा आवाज चिरकला. तिनं पदर तोंडात धरला, पूजा जागी होईल म्हणून.

गुरुवारी चिटबॉय मोटरसायकलवरनं दारात आला. खाली न उतरताच म्हणाला, "उद्या टोळी येतीया. दुपारनं. तुमचं कोर्टाचं काम झालेलं बघूनच कोयता लावा म्हनल्यात बाबा."

शुक्रवारी सकाळी ज्योतिबा गाडी काढत होता तर बनुबाई दारात उभी. प्रत्येक तारखेला ती त्याच्याच गाडीवर मागं बसून जायची. आजही काठी, फडक्यात बांधलेली भाकरी आणि कागदांची पिशवी घेऊन आली होती. तो नाही म्हणू शकला नाही.

ती एका अंगानं बसली, त्याच्या खांद्याला धरून. तिचा हात पाखरागत हलका होता. वाटेत तिचं रान लागलं. हळदीचा पाला वाळून आडवा झाला होता.

"मंगळवारपास्नं काढायला लागनार," ती त्याच्या कानाशी बोलली. "चार बायका सांगून ठिवल्यात. आज वकील न्हाई रं येनार. सांगलीला काम हाय म्हनला त्यो मुकुल. म्हनला, आजी तू नुस्ती हुबी ऱ्हा, वकील यायचाय म्हन, म्याडम तारीख देतील."

ज्योतिबानं पुढचा खड्डा चुकवला.

"कोर्टात मला लय भ्या वाटतंय बग. पर तू हायस म्हून जीव ऱ्हातोय."

पलूसकडनं येणारी उसाची ट्रॉली समोरनं गेली, तिच्या धुरळ्यात त्यानं डोळे बारीक केले आणि गाडी चालवत राहिला.

कोर्टात त्या दिवशी चोवीस प्रकरणं होती. वीरधवलबाबा स्वतः आले नव्हते. त्यांचे वकील मात्र अकराच्या आतच पहिल्या रांगेत बसले होते, आणि ड्रायव्हर वऱ्हांड्याच्या खांबाला टेकून उभा होता. ज्योतिबा दारातनं बाहेर आला की त्याला ओलांडूनच पुढं जावं लागे.

सव्वाअकराला मॅडमनी फाईल उचलली. "बनुबाई हरिबा लोंढे. पुकारा करा."

ज्योतिबा दारात आला. समोर आवार, आवाराच्या टोकाला करंज, करंजाखाली म्हातारी पाय पसरून बसलेली. तिला त्यानं पाहिलं. रोज त्याचा आवाज रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यापर्यंत जायचा.

"बनुबाई हरिबा लोंढे हजर आहे काय?"

शब्द ओठातनं निघाले आणि वऱ्हांड्याच्या फरशीवरच पडले. ड्रायव्हर खाली मान घालून नखं बघत होता.

"गैरहजर," ज्योतिबा आत येऊन म्हणाला.

"वकीलही नाहीत? ठीक आहे, थोड्या वेळानं पुन्हा बघू," मॅडम म्हणाल्या. त्या घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी लगेच निकाल दिला असता तर बरं झालं असतं, असं ज्योतिबाला वाटून गेलं आणि त्या वाटण्याचीच त्याला लाज वाटली.

दुसरा पुकारा साडेबाराला झाला. तोही तसाच.

जेवणाच्या सुट्टीत बनुबाई काठी टेकत वऱ्हांड्यापाशी आली. "अजून न्हाई का रं माजं?"

तेव्हा सांगता आलं असतं. आत चल, माझ्याबरोबर येऊन दारात बस, एवढंच म्हणायचं होतं. खांबाजवळनं ड्रायव्हर बघत होता.

"हुईल," ज्योतिबा म्हणाला. "सावलीला बस तू."

तिनं फडकं सोडून अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली. वर लसणाची चटणी होती. तो ती हातात धरून मागच्या बाजूला गेला. त्यानं ती भाकरी रुमालात गुंडाळून ठेवली.

पावणेतीनला तिसऱ्यांदा फाईल वर आली. ज्योतिबा दाराकडं चालला तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं होतं की आता मोठ्यानं ओरडायचं. काय व्हायचं ते होऊ दे. त्यानं छाती भरून घेतली. ड्रायव्हरच्या हातात फोन होता. तो फोन त्यानं ज्योतिबाच्या तोंडापुढं धरला. पडद्यावर ज्योतिबाचा ऊस होता, बांधावर टोळी कोयते घेऊन बसलेली, आणि कोपऱ्यात, रानाला लागूनच असलेल्या घराच्या ओसरीच्या पायरीवर दोन्ही हात पोटाला धरून उभी असलेली पूजा. फोटो आत्ताचाच होता.

छातीतली हवा तशीच निघून गेली.

"बनुबाई हरिबा लोंढे हजर आहे काय," तो म्हणाला. दोन पावलांवरच्या माणसालाही नीट ऐकू गेलं नसतं.

तीन वेळा पुकारा करूनही वादी गैरहजर, असं मॅडमनी सांगितलं आणि लिपिकानं लिहून घेतलं. दावा काढून टाकला. त्याबरोबर मनाईही गेली. वकील उठून बाहेर गेले आणि फोनवर दोनच शब्द बोलले.

बनुबाई पाच वाजेपर्यंत करंजाखाली बसून होती. कोर्ट उठल्यावर तिनं त्याला विचारलं, "आज बोलावलंच न्हाई का रं?"

"झाला पुकारा मावशे. तू आली न्हाईस."

"कवा? मी तर हितंच हुते." ती गोंधळून त्याच्याकडं बघत राहिली.

परतीच्या वाटेवर त्यांनी फाटा ओलांडला आणि दोघांनाही दिसलं. तिच्या रानात दोन जेसीबी शिरले होते. हळद उलथी केली होती आणि तिच्यावर मुरूम पसरत होते. तांबड्या मुरमात हळदीचे तुटलेले गड्डे जिथं तिथं पिवळे दिसत होते. बनुबाई चालत्या गाडीवरनं उतरायला गेली आणि पडली. ज्योतिबानं तिला उठवलं तर ती त्याचा हात सोडवून मुरमात शिरली आणि काठीनं जेसीबीच्या लोखंडाला मारायला लागली. वर बसलेल्या माणसानं यंत्र थांबवलं आणि हसत तिच्याकडं बघत राहिला.

ज्योतिबाच्या रानात तोवर अर्धा ऊस खाली पडला होता.

पुढच्या आठवड्यात मुकुल वकिलानं अर्ज टाकला: पुकारा ऐकू आला नाही, वादी आवारात हजर होती, दावा पुन्हा चालवावा. अर्जावर सुनावणी लागली त्या दिवशी वीरधवलबाबा आले होते. त्यांना वकिलांच्या मागं खुर्ची दिली होती. ती खुर्ची ज्योतिबानंच आणून ठेवली होती. बनुबाई आत भिंतीला धरून उभी होती.

समोरचे वकील म्हणाले, "मॅडम, रोजनाम्यात तीन पुकारे नोंदलेत. कोर्टाच्या नोंदीवर अविश्वास दाखवायचा का?"

मॅडमनी चष्म्यावरनं ज्योतिबाकडं पाहिलं. "मदने, त्या दिवशी तुम्हीच होतात. पुकारे नीट केले होते ना?"

कोर्टात पंखा फिरत होता. वीरधवलबाबा फोन बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"केलं हुतं म्याडम," ज्योतिबा म्हणाला. "तिन्ही बी."

मुकुल काही बोलणार होता, पण त्याच्या आधी बनुबाईच बोलली. "ज्योतिबा म्हनतोय तर केला आसंल, म्याडम. त्यो खोटं न्हाई बोलायचा. माजंच कान गेलं आसतील आता."

ज्योतिबानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला सुरुवात केली. सेकंदकाटा धडपडत फिरत होता.

मॅडमनी थोडा विचार केला. "वय पाहता अर्ज मंजूर करते. मात्र वादीच्या चुकीमुळं प्रतिवादींना पुन्हा यावं लागलं, म्हणून वादीनं प्रतिवादींना पाचशे रुपये खर्च द्यावा."

बनुबाईला ते कळलं नाही. मुकुलनं वाकून तिच्या कानात सांगितलं. तिनं कमरेची पिशवी काढली आणि तिची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना, तशी तिनं ती दातात धरली. पाचशे रुपये. ज्यानं तिच्या रानात मुरूम टाकला त्याला द्यायला.

"म्याडम," ज्योतिबा म्हणाला. आपण बोललो हे त्याला इतरांच्या माना वळल्यावर कळलं. "तिची चूक न्हाई. पुकारा... भाईर ऐकू जायासारखा केला न्हवता मी."

लिपिकाचं टंकलेखन थांबलं.

"काय म्हणालात?"

"तिन्ही येळंला बारीक केला."

"का? कुणाच्या सांगण्यावरून?"

वीरधवलबाबांनी आता फोन खाली ठेवला होता. ते ज्योतिबाकडं बघत होते. रागानं नाही, जरा काळजीनं, आजारी माणसाकडं बघावं तसे. ज्योतिबाच्या जिभेवर नाव आलं होतं.

"घसा बसला हुता म्याडम."

मॅडमनी चष्मा काढला. "त्या दिवशीच्या बाकी तेवीस प्रकरणांचे पुकारे मला इथं आत खणखणीत ऐकू येत होते, मदने."

खर्च रद्द झाला, दावा पुन्हा बोर्डावर आला. पट्टेवाला मदने यांनी सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा, नाहीतर निलंबनाचा प्रस्ताव पाठवू, असं मॅडमनी सांगितलं. मुकुल म्हणाला, "मॅडम, जागेवर मुरूम पडलाय. पीक गेलंय." समोरचे वकील उठले. "दावा निघाल्यानंतरचं काम आहे. त्या वेळी मनाई नव्हती. कायद्यानं यात गैर काय?"

मॅडमनी कागद उलटेपालटे केले. "पुढच्या तारखेपर्यंत जागा आता आहे तशी ठेवावी."

म्हणजे मुरूम राहिला.

बाहेर आवारात ज्योतिबा बनुबाईजवळ गेला. तिनं शिव्या द्याव्यात असं त्याला वाटत होतं. तिनं दिल्या नाहीत.

"तीनदा आलतास तू वऱ्हांड्यात," ती म्हणाली. "मी बगितलं तुला. त्वांड हालत हुतं तुजं. मला वाटलं, दुसऱ्या कुनाचं तरी नाव आसंल."

ती एस. टी. स्टँडकडं चालायला लागली. तो गाडी घेऊन मागं गेला, हळूहळू, तिच्या चालीनं. तिनं वळून बघितलं नाही. मग तो थांबला.

चार दिवस असेच गेले. सोमवारी जावयाचा फोन आला. त्याला काट्यावरनं काढून बगॅसच्या ढिगावर, ऊस गाळून उरलेल्या चोथ्याच्या धुळीत टाकलं होतं. पूजा फोन ठेवून पाणी प्यायला गेली आणि तांब्या तिच्या हातनं पडला. त्या आवाजानं ज्योतिबा दचकून उभा राहिला. त्याला कशाचीही भीती वाटायला लागली होती: कुत्रं भुंकलं तरी, रस्त्यावर गाडी हळू झाली तरी.

शालन मात्र रोज दुपारी कुठंतरी जात होती. मंगळवारी ती आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते आणि बोटांना फोड आले होते.

"कुटं गेलतीस?"

"मावशीच्या रानात. मुरमाखालनं गड्डं काढतोय. तीन बायका हाय आमी. पाटीभर निगालं." तिनं हात पुढं धरून बघितले, मग गुडघ्यावर ठेवले. "म्हातारी गुडघं टेकून नखांनी उकरती. मला म्हनली, शालन, तुज्या नवऱ्यानं खरं सांगितलं म्हून माजा दावा वाचला. मला वर बगवंना तिच्याकडं."

ज्योतिबानं ट्रंकेवर खुलाशाचा कागद ठेवला होता. त्यावर चार ओळी होत्या: घसा बसल्यामुळे आवाज निघाला नाही, चूक झाली, माफी असावी.

शालननं तो वाचला. ती चौथी शिकलेली होती, बोट ठेवून वाचायची. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "ह्यात त्यांचं नाव कुटाय?"

"तूच म्हनत हुतीस न्हवं, हाय का छाती?"

"म्हनत हुते. भ्याले हुते." तिनं कागद खाली ठेवला. "अजून बी भ्यालेय. हात बगा माजा." तिनं त्याच्या मनगटाला धरलं, तिचा हात थंडगार होता. "पर ऊस कारखान्याला गेला, त्येला आता काडी लागत न्हाई, जावई ढिगाऱ्यावर गेला. गप बसून काय ऱ्हायलं आपल्याकडं? ल्ह्या."

त्यानं नवा कागद घेतला. गाडी, रविवार, घसा, खडीसाखर, चिटबॉय, ड्रायव्हर, फोटो, सगळं जसं झालं तसं लिहिलं. वीरधवल मानसिंगराव हे नाव लिहिताना दोनदा पेन थांबलं. शालन शेजारी बसून होती.

सकाळी तो कोर्टात पोचला तेव्हा कोर्टाची कचेरी सांभाळणारे नाझर अनंतराव एकटेच टेबलावर होते. वाईचे गृहस्थ, निवृत्तीला आलेले, ज्योतिबाशी कधी वाकडं न बोललेले. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, मग टेबलावर पालथा ठेवला आणि दार लोटून आले.

"ज्योतिबा, हा कागद घेऊन घरी जा आणि चुलीत घाल. दुसरा लिही. घसा बसला होता, एवढंच. एक वेतनवाढ थांबेल, फार तर. ते मी बघतो."

"न्हाई साहेब."

"अरे, पुरावा काय तुझ्याकडं? ते म्हणतील, मी घशाची चौकशी केली. खडीसाखर खा म्हणालो. यात गुन्हा कुठाय? तुझं मात्र लिहून दिलेलं राहणार, की मी मुद्दाम पुकारा केला नाही. नोकरी तुझी जाणार. त्यांना साधी नोटीस निघायला वर्ष जाईल."

हे सगळं खरं होतं. रात्रभर ज्योतिबानं स्वतःला हेच सांगितलं होतं. त्यानं टेबलाची कड धरली.

"साहेब, आवक नंबर टाका."

"नीट विचार कर."

"नंबर टाका साहेब. मी हितनं हालनार न्हाई."

अनंतरावांनी रजिस्टर ओढलं, नंबर लिहिला, तारीख घातली आणि शिक्का मारला. पोचपावतीची प्रत त्याच्या हातात देताना ते हळूच म्हणाले, "दुपारच्या आत त्यांना कळेल. या इमारतीत काही झाकून राहत नाही. घरी कोण आहे तुझ्या?"

ज्योतिबानं पट्टा आणि बिल्ला काढून टेबलावर ठेवला. बाहेर येऊन त्यानं शालनला फोन लावला. दोनदा चुकीचा नंबर लागला.

"दिला," तो म्हणाला. "नंबर पडला. शाले, पूजाला घे आन तुज्या भावाकडं रहिमतपूरला जा. आजच्या आज."

"आमी यस्टीत बसलोय," शालन म्हणाली. मागं इंजिनाचा आवाज येत होता. "तुमी गेल्यावर कवाच निगालो."

"आन म्हस?"

"मावशीच्या दारात बांधलीया. ती म्हनली, मी बगते." मग तिचा आवाज खाली आला. "आवं, फाट्यावर दोगं हुबं हुतं गाडीला टेकून. आमच्या यस्टीत वाकून बगत हुतं. तुमी गावाकडं येऊ नगा. परभारं रहिमतपूरला या."

ज्योतिबानं पावतीची घडी करून आतल्या खिशात ठेवली आणि वर रुमाल कोंबला. गाडी सुरू केली. रस्त्यावर येऊन तो क्षणभर थांबला. डावीकडं गाव होतं, घर होतं, तोडलेल्या उसाला फुटणारा खोडवा होता, त्याला आज पाणी द्यायचं होतं. त्यानं मागं वळून बघितलं. कुणी नव्हतं. पुन्हा बघितलं. मग त्यानं गाडी उजवीकडं घातली.